बहुधामामांचं धुकं

लग्न करायचं का, असं मामीनं सरळ विचारलं तेव्हा मामा म्हणाले होते, "बहुधा." मामीला वाटलं, माणूस लाजाळू आहे. संसाराला लागल्यावर तिला कळलं की ही लाज नव्हे, नोकरी आहे. मामा हवाई दलाच्या तळावर हवामानाचा अंदाज सांगायचे, आणि अंदाज सांगणाऱ्या माणसाच्या जिभेला एकदा 'बहुधा'ची सवय लागली की ती जेवणाच्या ताटापर्यंत येते. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं मामी विचारायची. मामा घास चावत म्हणायचे, बहुधा. तोंडात घातलंय ना, मग बहुधा कसं, असं मामीनं खडसावलं की म्हणायचे, अजून दोन घास जाऊ देत.

तळावरची सगळी मंडळी त्यांना बहुधामामा म्हणायची. मामा मी म्हणायचो ते नात्यानं, बाकीच्यांनी ते माझ्याकडून उचललं. मी त्यांच्याकडे राहायला आलो तो तळावर इंधनाचा टँकर चालवायची नोकरी लागली म्हणून. आमच्या गावच्या शाळेत भूगोलाचे मास्तर नकाशावर पट्टी टेकवून डुलकी काढायचे, त्यामुळे हवेबद्दलचं माझं ज्ञान ती श्वासाला लागते, इथवरच होतं. पुढचं सगळं मामांचं. जे इथं सांगतोय त्यातलं बरंचसं मामीकडून, थोडं वैमानिकांच्या नकलांमधून आणि उरलेलं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मामांना विचारून लिहिलं असतं, तर हे सगळं बहुधा घडलं असं लिहावं लागलं असतं.

मामांची खोली नियंत्रण मनोऱ्याच्या अगदी खालच्या मजल्याला लागून होती. तिला तिन्ही बाजूंनी काचा. समोर धावपट्टी, डावीकडे तलाव, उजवीकडे डोंगराची लांबलचक पाठ. टेबलावर दोन पडदे, भिंतीला नकाशा, कोपऱ्यात हवेत सोडायच्या फुग्यांची खोकी आणि एक चहाची किटली. खुर्ची तलावाकडे तोंड करून ठेवलेली होती आणि कुणी ती हलवली तर मामांना आल्या आल्या कळायचं. दिवसभर ते त्या खुर्चीत बसून आभाळाकडे असे बघायचे, जसं एखादं माणूस समोरच्या घरातली भांडणं बघतं. ऐकू येत नाही, पण सगळं कळतंय.

आता 'बहुधा'चं मूळ सांगतो. हवामानवाल्यानं हवा खराब होणार असं सांगितलं आणि ती चांगली निघाली, तर लोक खूश होतात. चांगली सांगितली आणि खराब निघाली, तर त्याच्या नावानं शिमगा. जमिनीवर थांबलेल्या वैमानिकाला काही होत नाही. तेव्हा दोन्हीकडे पाय ठेवून उभं राहायचं आणि वजन मात्र खराब हवेच्या पायावर टाकायचं, ही मामांची वर्षानुवर्षांची रीत. ती रीत चुकीची होती असं नाही. रोजच्या कामाला ती फार चांगली होती. घोळ व्हायचा तो सरावाच्या वेळी.

दर थंडीत आमच्या तळाची डोंगरापलीकडच्या तळाशी लुटुपुटीची लढाई व्हायची. आम्ही निळे, ते तांबडे. बॉम्ब नाहीत, गोळ्या नाहीत. विमानानं वरून नेम धरून फोटो काढला की बॉम्ब पडला असं समजायचं, आणि मग पंच मंडळी ते फोटो बघून खालच्या विमानांवर कागदी फुल्या चिकटवायची. फुली लागली की विमान मेलं. गेल्या सरावाला मामांनी सांगितलं होतं की धुकं दुपारपर्यंत बहुधा उठणार नाही. लोकांचा नाश्ता संपायच्या आत ते उठलं. पाठोपाठ तांबड्यांची विमानं आली आणि शेडच्या समोर ओळीनं उभी असलेली आमची एकूण एक विमानं फुल्या लागून मेली. पंच विनोदी होता. त्यानं एक फुली मामांच्या सायकलवर चिकटवली. मामीनं ती कितीतरी दिवस काढू दिली नाही. म्हणाली, असू दे, स्टँडवर तुमची ओळखायला बरी.

त्यानंतर तळाच्या प्रमुख म्हणून मॅडम आल्या. त्या स्वतः लढाऊ विमान उडवणाऱ्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं, आणि हसल्या की मात्र मनोऱ्यावर ऐकू जायचं. त्यांनी गेल्या सरावाचा अहवाल वाचला आणि मामांना बोलावून घेतलं. यंदा सरावात त्यांना 'बहुधा' नको होतं. हो की नाही, एवढंच हवं होतं. ते जमणार नसेल तर अंदाज मुख्यालयातून मागवता येतो, आणि भांडारात एका अनुभवी माणसाची जागा रिकामी आहे, असं त्यांनी सांगितलं. रागानं नव्हे. काम कुणाकडून होतं आणि कुणाकडून होत नाही, एवढाच त्यांचा हिशोब होता.

भांडार म्हणजे तळाच्या मागच्या अंगाची लांबच लांब खोली. बूट, घोंगड्या, दोरखंड, टायर. उन्हानं कापड विटतं म्हणून तिला एकही खिडकी नव्हती. मामा एकदा जाऊन ती जागा बघून आले आणि त्या दिवशी जेवताना मीठ कमी की जास्त, काहीच बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तिथं बसलं तर बाहेर पाऊस पडतोय का, हे बघायला माणूस पाठवावा लागेल." मामीनं त्यांच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. तिची काळजी अशी वाढण्यातून बाहेर पडते.

इथं पलीकडच्या तळाच्या हवामानवाल्याची ओळख करून द्यायला हवी. तो मामांचा प्रशिक्षणातला सोबती. दोघं एका खोलीत राहिलेले, एकाच साबणानं कपडे धुतलेले. त्याचं नाव पडलं होतं खात्री, कारण त्याला सगळ्याचीच खात्री असायची. उद्या ऊन आहे, खात्री. ही बस चुकणार नाही, खात्री. चुकलेली बस तो विसरून जायचा, त्यामुळे त्याचा आत्मविश्वास कधी कमी व्हायचा नाही. दर रविवारी दोघांचा फोन व्हायचा आणि त्यात हवेपेक्षा एकमेकांची टिंगल जास्त असायची.

सरावाच्या आधीच्या रविवारी खात्री भलताच रंगात होता. उद्यापासून फोन बंद, कारण सराव संपेपर्यंत दोन्ही तळांनी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम. मामीनं भांडी घासता घासता ऐकलं, आणि फोनमधला आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला.

"अरे, तुझा अंदाज तुझ्याआधी मी लिहून ठेवतो," खात्री म्हणाला. "धुकं पडलं की तू दुपार सांगणार. तुझ्या मॅडम विमानं शेडसमोर ठेवणार. आम्ही येऊन फुल्या मारणार. हवा बदलेल एक वेळ, तू नाही बदलायचास."

मामाही हसले. म्हणाले, बरोबर आहे बाबा तुझं. फोन ठेवला. मग पानावर बसले, एक घास घेतला आणि दुसरा हातातच राहिला. मामीनं विचारलं, लागलं का मनाला? मामा म्हणाले, नाही, मी दुसराच विचार करतोय. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी पाण्याचा पेला तोंडाशी नेलेला तसाच धरून राहिलो.

मामा हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. तांबड्यांना आपल्याकडची हवा कळते, त्यात नवल नाही, ती आपल्यालाही कळते. पण ते हल्ला आखतात तो हवेवर नाही, माझ्यावर. धुकं उठलं तरी निळे झोपलेलेच असणार, हे त्यांनी पक्कं धरलंय. म्हणजे त्यांच्याकडे सगळ्यात भरवशाचा अंदाज जर कुठला असेल, तर तो मी.

"मग?" मामी म्हणाली.

"मग तो एकदा चुकवला तर?"

मामीनं हात पुसले. मामांना मैत्रीचं वाईट वाटत होतं. खात्रीनं मोकळेपणानं बोललेलं त्याच्यावरच उलटवायचं, हे त्यांना बरं वाटेना. मामीला तसलं काही वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की गेल्या वर्षी त्यानं तुमच्या सायकलला फुली लागू दिली तेव्हा त्याला किती वाईट वाटलं होतं? त्यावर मामांनी हातातला घास तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले. तिथलं बोलणं पुढं मेसमध्ये वैमानिक नकला करून दाखवत, आणि प्रत्येक नकलेत मामा थोडे जास्त घाबरलेले असत, पण मुद्दा सगळ्यांच्यात एकच होता. मामांनी आधी धुक्याबद्दल सांगितलं. धुकं पडलं की आपण हात बांधून बसतो, जणू ते फक्त अडचण आहे. पण ते पांघरूणही आहे. रोज सूर्य वर येता येता एक उपग्रह दोन्ही तळांवरून जातो आणि पंच दोन्ही बाजूंना समोरच्याच्या तळाचा ताजा फोटो देतात. त्या दिवशी धुकं असेल तर फोटोत तांबड्यांना काय दिसेल? कापूस. त्या कापसाखाली आपण विमानं शेडसमोरून हलवून धावपट्टीच्या तोंडाशी नेऊन ठेवली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. ते फोटो बघतील, खात्री सांगेल की तो बहुधामामा झोपलाय, आणि ते निवांत तयारी करतील. आपलं धुकं त्यांच्याआधी उठणार असेल असा दिवस मिळाला, तर ते निघायच्या आत आपण त्यांच्या डोक्यावर असू.

मॅडमनी नकाशावर डोंगर ओलांडून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या भित्रेपणावर मी हल्ला आखायचा?"

"हो मॅडम," मामा म्हणाले. "तो फार भरवशाचा आहे."

त्यावर मॅडम जे हसल्या ते मला टँकरमध्ये ऐकू आलं. पण हसून झाल्यावर त्यांनी धोकाही मोजून दाखवला. धावपट्टीवर विमानांची रांग लावली आणि धुकं वेळेवर उठलं नाही, तर ती रांग म्हणजे तांबड्यांसाठी वाढून ठेवलेलं ताट. गेल्या वर्षी निदान शेडची सावली तरी होती. तेव्हा त्या दिवशी पहाटे मामांनी एक शब्द द्यायचा, आणि त्या शब्दावर त्या स्वतः पहिल्या विमानात बसणार. शब्द चुकला तर भांडार ठरलेलं. मामांनी मान डोलावली. बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, असं सगळ्या नकलांमध्ये होतं.

सरावाच्या पहिल्या दोन सकाळी धुकं पडलं, पण मामांनी सरळ नाही म्हटलं. तलावावरून आलेलं, गच्च, हात लांब केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं होतं ते. दोन्हीकडचे लोक अडकून बसले आणि दुपारी थोडी झटापट होऊन बरोबरी झाली. आता शेवटचाच दिवस राहिला. आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आलं. मामी म्हणाली, झालं, आता धुकंही नाही पडायचं. मामा मात्र अंगणात उभं राहून ढगांचा पट्टा कुठून कुठं सरकतोय ते बघत राहिले आणि आत येऊन शांतपणे झोपले. झोपायला त्यांना सहसा एवढं सोपं जात नाही.

पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. "चल, टाकीवर."

तळाच्या मधोमध पाण्याची उंच टाकी आहे, तिला बाहेरून लोखंडी शिडी. बाहेर पाऊल टाकलं तर धुकं. शिडीच्या पायऱ्या ओल्या आणि गार. मामांनी कानटोपी, मफलर, दोन स्वेटर असा सगळा संसार अंगावर घेतला होता. ते पुढं आणि मी मागं, म्हणजे ते पडलेच तर खाली काहीतरी मऊ असावं. थोडं चढलो की मामा थांबत आणि धुक्याला हात लावून बघावं तसा हात फिरवत. मी वैतागून म्हणालो, अजून किती? मी वर पाहिलं. मामांची कानटोपी दिसत होती, पण ती धुक्याच्या बाहेर होती.

मीही दोन पायऱ्या चढलो आणि पोहताना पाण्यातून डोकं काढावं तसं माझं डोकं बाहेर आलं. वर मोकळं आभाळ, विझत आलेल्या चांदण्या, डोंगराची कड उजळायला लागलेली. आणि खाली सगळीकडे सपाट पांढरं, त्यातून शेडच्या छपरांच्या कडा नि मनोऱ्याची मान वर आलेली, दुधात बुडवलेल्या पावाची टोकं दिसावीत तशी. धुकं जेमतेम दोन मजले उंच होतं.

मामा हसत होते. "तरुण आहे," म्हणाले.

"कोण?"

"धुकं. पहाटेच जन्मलंय. रात्रभर ढग होते ना, पांघरुणासारखे. ते हटले आत्ता, मग जमीन गार व्हायला लागली. वेळच नाही मिळाला त्याला वाढायला." मग त्यांनी डोंगराकडे बोट केलं. ढगांचा पट्टा तिकडून इकडे सरकला होता, म्हणजे पलीकडचं आभाळ आधी मोकळं झालं, म्हणजे त्यांचं धुकं रात्रीचं, जुनं, बैठक मारून बसलेलं. आपलं आधी उठणार. वरून फोटो काढणाऱ्याला मात्र दोन्ही सारखीच पांढरी दिसणार.

एवढं सगळं एका दमात, एकदाही न अडखळता मामा बोलले होते. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं.

मॅडम वैमानिकाच्या पोशाखात शेडपाशी उभ्या होत्या. मामा त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले, मफलर सोडला, परत गुंडाळला. सगळे वैमानिक, मेकॅनिक आणि आम्ही टँकरवाले बघत होतो.

"उठेल," मामा म्हणाले. "ऊन डोंगरावर आलं की थोड्या वेळात. त्यांच्याआधी."

मॅडमनी एकदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि वळून हात वर केला. उपग्रह जाईपर्यंत इंजिनं थंड ठेवायची होती, म्हणून विमानं ट्रॅक्टरनी ओढत नेली, एकामागून एक, धुक्यात. पुढच्याची शेपटी मागच्याला जेमतेम दिसत होती. माझा टँकर रांगेच्या कडेनं हळूहळू चालला होता आणि माझ्या खिडकीला लागूनच मामा एका जीपमध्ये रेडिओ हातात घेऊन बसले होते. मॅडम पहिल्या विमानात चढल्या. उपग्रह गेल्याचा निरोप आला. इंजिनं सुरू झाली. सगळा तळ, आमच्या दातांसकट, थरथरायला लागला.

डोंगराच्या कडेवर ऊन आलं, असं मनोऱ्यावरून कळलं. आणि धुकं दाट झालं.

म्हणजे खरंच दाट झालं. मघाशी जे तिसरं विमान अंधुक दिसत होतं ते दिसेनासं झालं, मग दुसरं, मग जीपचं पुढचं टोक. मेकॅनिक एकमेकांकडे बघायला लागले, म्हणजे जिथं दुसरा असेल असं वाटत होतं तिकडे. मामांच्या हातातला रेडिओ खरखरला.

"हवामान, हे काय चाललंय?" मॅडमचा आवाज.

"हे असंच होतं, मॅडम," मामा म्हणाले. "ऊन आलं की खालची गार हवा ढवळली जाते, मग आधी थोडं दाट होतं. सांगायचं राहिलं."

रेडिओ परत खरखरला. "आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

"नाही, मॅडम." मामांचे ओठ आणखी एका शब्दासाठी हलले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो गिळला.

"इंजिनं बंद करून विमानं परत शेडपाशी न्यायला अजून वेळ आहे," मॅडम म्हणाल्या. "मग नाही राहणार. आत्ता सांगा. नेऊ की थांबू?"

मामा जीपमधून खाली उतरले. मला वाटलं, गेले, आता भांडार. ते दोन पावलं चालले, काँक्रीटकडे खाली बघत उभे राहिले, आणि मग एक पाय उचलून परत ठेवला. मला काही कळेना. मग मीही खाली पाहिलं. त्यांच्या पायाशी काँक्रीटवर काहीतरी करडं, अगदी पुसट, पडलं होतं आणि पाय हलला की हलत होतं.

"मॅडम," मामा रेडिओत म्हणाले, "माझी सावली पडलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे वरचं छप्पर पातळ झालं. थांबा."

मॅडम थांबल्या. माझ्या टँकरच्या काचेवरचे थेंब आधी चमकायला लागले. मग एकदम डोक्यावर आभाळाचा निळा तुकडा दिसला, रुमालाएवढा, मग चादरीएवढा. धावपट्टीच्या टोकाची झाडं बुंध्यापासून वर न दिसता शेंड्यापासून खाली दिसायला लागली. कुणीतरी ओरडलं, दुसऱ्यानं त्याला गप्प केलं आणि मग तो स्वतःच ओरडला. मॅडमचं विमान सुटलं. त्यामागून दुसरं, तिसरं, उरलेल्या धुक्याच्या चिंध्या उडवत. मामा सावलीत उभे होते, म्हणजे स्वतःच्याच, आणि ती आता चांगली काळीभोर पडली होती. त्यांनी कानटोपी काढली आणि तिच्यानंच डोळे पुसले. धुराचा त्रास होतो त्यांना, असं ते नंतर म्हणाले.

पलीकडचं आम्हाला दुपारी कळलं. तांबड्यांना फोटो मिळाला होता, पांढराशुभ्र. खात्रीनं स्वतःच्या तळाचं धुकं कधी उठेल ते सांगितलं होतं आणि ते मिनिटाला मिनिट लावून तसंच उठलं. ते उठणार या भरवशावर त्यांनीही विमानं रांगेत आणून ठेवली होती. धुकं वर गेलं तेव्हा आमची विमानं कधीची उन्हात घिरट्या घालत वाट बघत होती. खालची रांग दिसली तसे एकामागून एक फोटो निघाले. पंचांकडच्या फुल्या संपल्या, मग त्यांनी वहीची पानं फाडली. तिथला पंचही विनोदीच असावा, कारण एक फुली खात्रीच्या चहाच्या किटलीवर लागली.

संध्याकाळी फोनबंदी उठली तसा पहिला फोन त्याचाच आला.

"अरे, हवेचं माझं सगळं बरोबर आलं," तो म्हणाला. "एकूण एक."

"आलंच होतं," मामा म्हणाले.

"मग हे झालं कसं?"

मामांनी त्याला सावलीचं, टाकीचं, तरुण आणि म्हाताऱ्या धुक्याचं सगळं सांगितलं, काही न लपवता. रविवारच्या फोनचंही सांगितलं. मामीनं हातातला पदर घट्ट धरला होता. मग खात्री असा खदाखदा हसला की मामांना फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, वहिनींना फोन दे. मामीशी तो बराच वेळ बोलला आणि मामी नुसती हो भावजी, हो भावजी करत लाल होत होती. काय बोलला ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम मामांच्या खोलीत आल्या. खुर्चीकडे पाहिलं, तिच्यात न बसता टेबलाला टेकल्या. भांडाराची जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलीय, असं त्यांनी सांगितलं आणि त्या विषयाला तिथंच पूर्णविराम दिला. मग तरुण वैमानिकांना धुक्याची जाडी बघायला टाकीवर कसं न्यायचं ते ठरवू लागल्या. बोलता बोलता म्हणाल्या, वरून तर धुकं काय, ढग काय, सगळं एकसारखं दिसतं, तुम्हाला ठाऊकच आहे. मामा म्हणाले, टाकीवरून ठाऊक आहे. मॅडमनी विचारलं, आणि विमानातून? मामा म्हणाले, विमानात मी कधी बसलोच नाही. एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ही गोष्ट मामीलाही त्याच दिवशी कळली, आणि तिनं त्यांना एवढं फैलावर घेतलं की जणू बसले नाहीत तो तिच्याच नावाला बट्टा होता.

त्या आठवड्यातच मॅडमनी त्यांना दोन आसनांच्या शिकाऊ विमानातून वर नेलं. इंधन मी भरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा टोपण दोनदा तपासलं. मामांना पट्टे बांधताना मेकॅनिकचा पोटाचा अंदाज चुकल्यामुळे पट्टे परत सैल करावे लागले. मामी धावपट्टीच्या कुंपणाशी नवी साडी नेसून उभी होती. मनोऱ्यावरच्या माणसानं आमच्यासाठी रेडिओचा आवाज मोठा करून खिडकी उघडी ठेवली होती. विमान उठलं, तलावावरून वळलं आणि बारीक होत गेलं. बराच वेळ मामांचा काहीच आवाज नाही. मामीनं दोनदा विचारलं, बोलत का नाहीत ते? मी म्हटलं, बघतायत.

मग मॅडमचा आवाज आला. बरं वाटतंय ना, परत फिरायचं का, असं त्या विचारत होत्या.

"त्या डावीकडच्या ढगात जाऊ या?" मामा म्हणाले. "तो मोठा, फुलकोबीसारखा. मी त्याला सकाळपासून खालून बघतोय."

"आत हेलकावे बसतील."

"हो, बसतील की," मामा म्हणाले. "चांगले दणदणीत बसतील. चला."

वरचा ठिपका डावीकडे कलला आणि ढगात शिरला. मामी त्या ढगाला हात हलवत राहिली.